सुएझचा निर्णय आणि त्याचा कागद

सुएझच्या मोहिमेची हकीकत बहुधा ५ नोव्हेंबर १९५६ या दिवशी पोर्ट सैदवर उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांपासून सांगितली जाते. परंतु ती मोहीम ज्या निर्णयातून निघाली तो त्यापूर्वी बारा दिवस एका कागदावर उतरला होता, आणि त्या कागदाची कथा अधिक बोधक आहे.

नासरने २६ जुलै १९५६ रोजी कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. भागधारकांना भरपाई देण्याचे त्याने मान्य केले होते. जहाजांची वाहतूकही खंडित झाली नव्हती. लंडनला परिषदा भरल्या, कृष्ण मेनन यांनी तडजोडीची योजना मांडून पाहिली, प्रकरण सुरक्षा समितीपुढे गेले. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी मात्र नासर म्हणजे नवा मुसोलिनी अशी मनाशी गाठ बांधली होती. मुसोलिनीशी बोलणी करण्याच्या प्रश्नावरूनच १९३८ साली त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. एकदा खरा ठरलेला अनुभव माणसाला पुढे किती आंधळा करतो, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी आठवत नाही.

युद्धाला निमित्त हवे होते. ते घडविण्यात आले. २२ ते २४ ऑक्टोबर या दिवसांत पॅरिसजवळ सेव्र येथील एका बंगल्यात फ्रेंच, इस्रायली व ब्रिटिश प्रतिनिधी गुप्तपणे भेटले. ठरले ते असे: २९ तारखेला इस्रायलने सिनाईत चढाई करावी, दुसऱ्या दिवशी ब्रिटन व फ्रान्स यांनी, जणू काही वार्ता नुकतीच कानी आली अशा थाटात, दोन्ही पक्षांना कालव्यापासून दूर होण्यास सांगावे, आणि इजिप्तने बारा तासांत न ऐकल्यास त्याच्यावर हल्ला करावा. पुढे प्रत्यक्षात जी निर्वाणीची सूचना गेली, तिच्यात दहा मैल मागे सरण्याची अट होती. इस्रायलची फौज तेव्हा कालव्यापासून त्याहून पुष्कळ दूर होती. म्हणजे ‘मागे सरा’ या आज्ञेने चढाई करणाराला पुढे येण्यास मुभा मिळाली आणि स्वतःच्या भूमीवर उभ्या असलेल्या इजिप्तला तेवढे हटावयाचे होते!

हा संकेत सात कलमांत, फ्रेंच भाषेत टंकलिखित झाला. तीन प्रती निघाल्या. ब्रिटनतर्फे पॅट्रिक डीन यांनी सही केली. ईडन यांना हे कळताच ते अस्वस्थ झाले. असे काही लेखी होईल अशी त्यांची कल्पनाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी डीन आणि त्यांचे सहकारी लोगन यांना उरलेल्या प्रती नष्ट करविण्यासाठी पॅरिसला परत धाडण्यात आले. फ्रेंचांनी नकार दिला, आणि बेन-गुरियन तर आपली प्रत घेऊन निघून गेले होते.

त्याच २५ ऑक्टोबरला ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे प्रश्न आला तो ‘इस्रायलने हल्ला केल्यास काय करावे’ असा. हल्ल्याची तारीख आदल्या दिवशीच ठरली होती! बळाचा वापर आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही असे सांगणारे परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार फिट्झमॉरिस यांना दूर ठेवण्यात आले; कैरोतील राजदूतालाही पूर्वकल्पना दिली गेली नाही. कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांना ठाऊक असते की फायलीला समास असतो, आणि तो शंका नोंदविण्यासाठी असतो. कंटाळवाणा प्रकार खरा. पण जो निर्णय फायलीवर येतच नाही, त्याच्या समासात शंका कोण लिहिणार? अमेरिका पौंडाला आधार देणार नाही ही शंका वेळीच लिहिली जाण्याजोगी होती. ती ६ नोव्हेंबरला खरी ठरली, आणि त्याच मध्यरात्री युद्ध थांबवावे लागले.

इजिप्तवर हल्ला होणार हे आधी ठाऊक नव्हते, असे ईडन यांनी २० डिसेंबरला पार्लमेंटात सांगितले. ९ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी राजीनामा दिला, तो प्रकृतीच्या कारणास्तव. १९६० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींत सेव्रचा उल्लेख नाही. ब्रिटिश प्रत नाहीशी करण्यात आली, फ्रेंच प्रत हरवली. बेन-गुरियन यांनी नेलेली तिसरी प्रत इस्रायलमधील त्यांच्या दप्तरात राहिली, आणि १९९६ साली ती जगापुढे आली. ईडन यांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.