कालुलूच्या हाती दिलेली बंदूक

डेव्हिड लिव्हिंग्स्टनला आफ्रिकेत शोधून काढणारा हेन्री स्टॅन्ली १८७२ साली ब्रिटनमध्ये घराघरांत पोहोचला होता. त्याच वर्षी लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी या व्यापारी स्टुडिओने त्याच्या तसविरी काढल्या. स्टॅन्लीच्या अंगावर मोहिमेचा पोशाख, आणि मागे बंदूक धरून उभा असलेला आफ्रिकी मुलगा. आफ्रिका मात्र तिथे नव्हतीच. होता तो लंडनच्या स्टुडिओतला देखावा.

त्या काळी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या अशा छोट्या तसविरी दुकानांत विकल्या जात. लोक त्या विकत घेऊन घरच्या अल्बममध्ये लावत. गिऱ्हाइकाला हवा होता शूर गोरा प्रवासी आणि त्याचा इमानी काळा नोकर. स्टुडिओने तेच उभे करून दिले.

त्या मुलाचे मूळ नाव न्दुगू म्हाली. ताबोरा इथे एका अरब व्यापाऱ्याने १८७१ मध्ये तो स्टॅन्लीला भेट दिला. होय, माणूस भेट दिला! देणारा मुसलमान होता, ही गोष्टही आपण लपवू नये. स्टॅन्लीला त्याचे नाव आवडले नाही, म्हणून तो 'कालुलू' झाला. स्टॅन्लीच्या सांगण्याप्रमाणे अर्थ हरणाचे पाडस. पुढे हा मुलगा लंडनमध्ये शाळेत गेला. पण बाजारात खपलेल्या त्या कार्डावर विद्यार्थी नाही, फक्त नोकर दिसतो. १८७७ मध्ये स्टॅन्लीच्या पुढच्या मोहिमेत काँगो नदीच्या धबधब्यात तो बुडाला. स्टॅन्लीने त्या धबधब्याला कालुलूचे नाव दिले. तेही स्वतः ठेवलेलेच.

या कहाणीचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली काही आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये वाढली. जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचा मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणला. जेकब त्यांच्यात होता. पुढे त्याच्याबरोबर तो इंग्लंडला गेला, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. त्याचीही तसवीर निघाली, शवपेटीजवळची. पाहणाऱ्याला पुन्हा एक इमानी नोकर!

फरक एवढाच की जेकबला लिहिता येत होते. त्या प्रवासाची त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. तिच्यात तो कुणाच्या मागे उभा नाही. तो पाहतो, नोंद करतो, सांगतो. कालुलूला ती संधी मिळालीच नाही. त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे, त्यातले बहुतेक स्टॅन्लीनेच लिहिलेले.

म्हणून जुनी तसवीर समोर आली की नुसता चेहरा पाहून थांबू नये. त्या माणसाला तिथे कोणी उभे केले, हातात वस्तू कोणी दिली, विक्रीचे पैसे कोणाकडे गेले आणि खाली नाव कोणाचे आहे, हे विचारावे. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. पण कॅमेऱ्यासमोर काय मांडायचे, ते माणूसच ठरवतो.