रोमच्या सुवर्णनाण्यांवरील राजस्त्रिया

रोमन साम्राज्यांतील 'ऑरियस' हें सुवर्णनाणें पहिल्या शतकांत सुमारें ८ मासे वजनाचें असे. वृत्तपत्रें नव्हतीं त्या काळीं राजवाड्यांत कोणाचें वजन किती, याचा अंदाज दूरच्या प्रांतांतील सेनानायकास या नाण्यावरूनही बांधतां येई.

इ. स. ५४ च्या ऑक्टोबरांत सम्राट् क्लॉडियस मरण पावला आणि १६ वर्षांचा नीरो गादीवर आला. लवकरच निघालेल्या नाण्यावर मातापुत्रांचे चेहरे समोरासमोर आहेत, जणूं दोघें बरोबरीचीं. पण अक्षरें वाचलीं म्हणजे खरा प्रकार ध्यानांत येतो. दर्शनी बाजूस नांव आहे तें माता ॲग्रिपिना हिचें. सम्राटाचें नांव मागें! ५५ सालीं पालट झाला. दोन्ही मुखें एकाच दिशेस वळलीं, नीरो पुढें व माता त्याच्या आड. तिचें नांवही मागील बाजूस गेलें. त्यानंतर ती त्या नाण्यांवरून नाहींशीच झाली. ५९ सालीं मुलानें तिचा वध करविला. टॅसिटसनें ही हकीकत लिहिली ती अर्ध्या शतकानंतर. टांकसाळेची साक्ष मात्र त्याच दिवसांतली आहे, म्हणून तिचें मोल अधिक.

दक्षिण हिंदुस्थानांत तायबीरियसचीं नाणीं पुष्कळ सांपडलीं आहेत. त्यांवरील आसनस्थ स्त्री म्हणजे त्याची माता लिव्हिया, असें अनेक विद्वान् मानतात. येथील सराफास तिच्याशीं कर्तव्य नव्हतें. सोनें खरें होतें, तेवढें पुरे.

पुढें दुसऱ्या शतकांत राणीच्या मुखामागें देवता येऊं लागल्या. धाकट्या फाउस्टिनाच्या नाण्यांवर प्रसूतीची रक्षक जूनो ल्युसिना आहे. हा पोकळ थाट नव्हे. तिला किमान १२ अपत्यें झालीं. पुत्रांपैकीं बापामागें उरला तो एकटा कॉमोडस.

तिची आई थोरली फाउस्टिना १४० सालीं वारली. पति अँटोनायनस पायस यानें तिला देवत्व देवविलें, तिच्या नांवें गरीब मुलींच्या पोषणाची सोय केली व तीही नाण्यावर कोरविली. तिचीं नाणीं तिच्यामागें वर्षानुवर्षें निघत राहिलीं. रोमच्या फोरममध्यें तिच्यासाठीं बांधलेलें मंदिर अजून उभें आहे. १६१ सालीं तो वारल्यावर त्याचें नांव तिच्या नांवाच्या वर कोरण्यांत आलें.