स्थानवंदन (महानुभाव)

परमेश्वरावताराचा ज्या जागेशी संबंध आला, त्या जागी प्रत्यक्ष जाऊन नमस्कार करण्याचा महानुभाव पंथातील आचार. अशा जागेला 'स्थान' म्हणतात. स्थान, प्रसाद, भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) या चार गोष्टी पंथात वंदनीय मानल्या आहेत. त्यांपैकी पहिलीची ही नोंद. होता होईल तो सगळी स्थाने पायाखाली घालावीत ही अनुयायाची आस, आणि कोणत्या गावी किती स्थाने आहेत याचा हिशेब राखणे हे पंथाच्या ग्रंथकारांचे काम. पहिली आस जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. दुसरे काम मराठीत चौदाव्या शतकात झाले आणि तेही असे, की आजच्या सर्वेक्षकाने मान डोलवावी. म्हणून येथे यात्रेपेक्षा नोंदीलाच अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी : पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते घरातून निघाले आणि वाटेत ऋद्धिपूर (आजचे रिद्धपूर, जि. अमरावती) येथे त्यांना त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले, असे परंपरा सांगते. यात्रेला निघालेला माणूस भलतीकडेच पोचला आणि त्याच्या वाटचालीचीच पुढे यात्रा झाली, हा योग नोंदवण्यासारखा आहे. त्यानंतर काही काळ ते एकटेच हिंडले. सालबर्डीचा डोंगर, आंध्रदेश, विदर्भातील गावे असा तो प्रवास होता. पुढे शिष्यपरिवारासह मेहकर, लोणार, पैठण, वेरूळ, नाशिक, त्र्यंबकेश्वर, बेलापूर आणि गोदातीरीची असंख्य खेडी त्यांनी पालथी घातली. मुक्काम बहुधा गावाबाहेरच्या देवळात असे. १२७४ च्या सुमारास ते उत्तरापंथाला (उत्तरेकडे) निघून गेले, असे पंथ मानतो. या वर्षाबद्दल आणि त्या घटनेच्या स्वरूपाबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत.

देव सन्निध असताना स्थानाची गरज नव्हती. ती असन्निधानात निर्माण झाली. चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी, ज्याने जी लीळा (स्वामींच्या आयुष्यातील प्रसंग) पाहिली त्याला गाठून ती लिहून घ्यावी आणि चक्रधरांनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घ्यावी, अशा रीतीने चक्रधरांचे चरित्र, म्हणजे लीळाचरित्र, सिद्ध केले. या ग्रंथातील बऱ्याच लीळांना गावाचे किंवा देवळाचे नाव चिकटलेले आहे. मूळ पोथी पुढे धामधुमीत नष्ट झाली व ती आठवणीतून पुन्हा लिहावी लागली, असे सांगतात. एकाच लीळेच्या वेगवेगळ्या आठवणी निघाल्या, तेव्हा संपादकांनी त्या दडपल्या नाहीत. पाठभेदाला 'वासना' हे नाव देऊन त्या शेजारी शेजारी ठेवल्या. नोंद करणाऱ्याने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठच आहे.

स्थानपोथी : लीळाचरित्राने काय घडले ते सांगितले, कोठे घडले हे सांगण्यासाठी वेगळा ग्रंथ झाला, तो म्हणजे स्थानपोथी. परंपरेने तिचे कर्तृत्व मुनिव्यास कोठी यांच्याकडे दिले जाते आणि काळ १३५३ च्या आसपासचा मानला जातो. म्हणजे चक्रधर गेल्याला तोवर साधारण ऐंशी वर्षे झाली होती. प्रत्यक्ष पाहणारी पिढी सरली होती, पण तिच्या तोंडून ऐकलेली पिढी अजून असणार. अशा कडेवर उभे राहून ही पोथी लिहिली गेली. गावांचा क्रम सर्वसाधारणपणे भ्रमणाच्या क्रमाला धरून आहे. गाव आले की देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला आहे, त्याचे दार कोणत्या दिशेला, नदी कोणीकडे, आवारात आणखी कोणती देवळे आणि स्वामी नेमके कोठे बसत, हे एकामागून एक येते. भक्तीचा उमाळा असा कोठे नाही. कोरडे, तुटक गद्य; भूमापकाच्या चोपडीसारखे. भक्ताला ते कसे वाटेल ते सांगता येत नाही, पण यादवकालीन गावाची मांडणी शोधणाऱ्याला यासारखे साधन क्वचितच मिळते. एखाद्या खेड्यात तेराव्या शतकात किती देवळे होती, हे ताम्रपट सांगत नाही. स्थानपोथी पुष्कळदा सांगून जाते.

पोथीचे खरे वैशिष्ट्य तिच्या परिभाषेत आहे. 'गेलो होतो' एवढ्याने तिचे समाधान होत नाही. स्वामी जेथे बरेच दिवस राहिले ते अवस्थान. जेथे रात्र काढली ते वसतिस्थान. नुसते टेकले ते आसन. जेथे फेरफटका मारला ते विहरण, जेवले ते आरोगणेचे स्थान, कोणाची गाठ पडली ते भेटीचे. देहधर्मासाठी जेथे गेले त्या जागेलाही परिश्रय असे नाव देऊन तीही मोजली आहे. आधुनिक वाचक येथे जरा संकोचतो. पण पंथाची भूमिका सरळ आहे : संबंध घडला की जागा स्थान झाली, कशासाठी घडला हा प्रश्न गौण.

एखाद्या ठिकाणी आपण 'जाऊन आलो' असे केव्हा म्हणावे, हा प्रवासाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला पडणारा पेच आहे. अमेरिकेतील पन्नासही राज्ये पाहण्याचा छंद असलेल्यांत यावर खल चालतो : जमिनीला पाय लागला की राज्य धरावे, की तेथे रात्र काढायला हवी? विमान बदलण्यापुरते उतरले तर? अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलांच्या खोलीत टाचण्या टोचलेला नकाशा दिसतो आणि हाच वाद रंगतो. महानुभाव ग्रंथकारांनी हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. त्यांनी भेटीच्या प्रती ठरवल्या आणि प्रत्येकीला नाव दिले. हे नियम भक्ताच्या प्रवासाला नसून देवाच्या प्रवासाला लावलेले आहेत, हा फरक अर्थातच मोठा आहे. भक्ताने किती वेळ थांबावे याचे मोजमाप पोथीत नाही.

ओटे : स्थान ओळखता यावे म्हणून त्यावर ओटा बांधतात आणि वंदन त्या ओट्याला होते. कित्येक ओटे दुसऱ्याच दैवताच्या देवळात, आवारात किंवा पडक्या भिंतीलगत आहेत, कारण स्वामींचा मुक्कामच तेथे असे. महानुभाव यात्रिक त्या देवळात जातो तो मूर्तीसाठी नव्हे, कोपऱ्यातील ओट्यासाठी. यातून काही ठिकाणी जागेच्या हक्काचे प्रश्न उद्भवले आहेत. स्थानावरील दगड 'संबंधी' मानून जवळ बाळगण्याचीही रीत आहे. पोथीत आहे पण जमिनीवर सापडत नाही, अशा स्थानाला आजच्या मार्गदर्शक पुस्तिकांत 'अनुपलब्ध' म्हणतात. नदीने पात्र बदलले, देऊळ पडले, गाव उठले, अशी कारणे असतात. अनुपलब्ध स्थान यादीतून काढून मात्र टाकत नाहीत.

महाराष्ट्राची मर्यादा : चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याची आणि कानडी व तेलुगू मुलखात न जाण्याची आज्ञा केली होती. तिच्यावर भाष्य करताना पुढील आचार्यांना महाराष्ट्र म्हणजे नेमका कोणता प्रदेश, हे ठरवावे लागले आणि त्यांनी तो मराठी बोलीच्या आधारे ठरवला. फलटणचा मुलूख, गोदेचे दोन्ही काठ, वऱ्हाड असे त्याचे विभाग भाष्यात येतात. राज्य अस्तित्वात येण्याच्या कित्येक शतके आधी भाषेवरून आखलेली ही सीमा आहे. अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील यात्रा आणि प्रदेशाची जाणीव यांचा संबंध तपासताना या सामग्रीचा विस्ताराने उपयोग केला. आज्ञा अशी असूनही पंथ पुढे पंजाबात गेला. तेथे तो 'जयकृष्णी' नावाने ओळखला जातो. तिकडील अनुयायी आज उलट दिशेने, महाराष्ट्रातील स्थाने करायला येतात.

भंडारा व गोंदिया : वैनगंगेच्या खोऱ्यातील महत्त्वाचे स्थान भंडारा हे होय. येथील नीळभट भांडारेकार चक्रधरांना भेटले आणि संसार सोडून त्यांच्यामागे निघाले. पहिला शिष्य म्हणून त्यांचा उल्लेख होतो. हा प्रसंग लीळाचरित्राच्या 'एकांक' या भागात येतो. एकांक म्हणजे स्वामी एकटे हिंडत होते तो काळ. त्या वेळी सोबत साक्षीदार फारसे नव्हते. बरेचसे प्रसंग स्वामींनीच पुढे शिष्यांना सांगितलेले. त्यामुळे पूर्व विदर्भातील प्रवासाचे धागे गोदातीराइतके घट्ट विणलेले नाहीत.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. येथील यात्रिकाला भंडारा जवळचे. मुंबई-हावडा लोहमार्गाने वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर उतरायचे. पुढे नागपूरवरून रामटेक एका बाजूला आणि रिद्धपूर दुसऱ्या बाजूला.

या जिल्ह्याच्या निमित्ताने याद्यांचा एक दोष सांगितला पाहिजे. छापील पुस्तिका स्थाने जिल्हावार लावतात आणि जिल्हे तर बदलत राहतात. १९८१ मध्ये औरंगाबादेतून जालना निघाला, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली. जुन्या यादीतील पत्ता घेऊन निघालेला माणूस भलत्याच कचेरीच्या गावी पोचावा, अशी ही गत. गोंदियाचे उदाहरण तर आणखी मासलेवाईक आहे. १९४० साली तेथे जन्मलेला माणूस प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, १९५० मध्ये मध्य प्रदेशात गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, आणि हे सर्व ओसरीवरून न उठता. राज्ये मोजणाऱ्या अमेरिकन छांदिष्टाला ही सोय नाही. स्थानपोथीने गाव, दिशा, दार आणि नदी एवढ्यांवरच भिस्त ठेवली. सहाशे वर्षांनंतरही तिचा पत्ता लागतो तो त्यामुळे.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. शेजारच्या व दूरच्या राज्यांतून लोक येतात. तेथे अनेक राज्ये एका गुहेपाशी येऊन मिळतात. स्थानवंदनात एकच यात्रिक अनेक जागी जातो; हे त्याच्या नेमके उलट. तो विषय स्वतंत्र आहे.

संशोधन : महानुभावांचे ग्रंथ दीर्घकाळ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि बाहेरच्या अभ्यासकांना वाट मिळाली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये महानुभावीय वाङ्मयाचा आढावा प्रसिद्ध केला. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे यांनी लीळाचरित्र संपादिले. स्थानपोथीची सर्वमान्य प्रत वि. भि. कोलते (१९०८–१९९८) यांची. तिची दुसरी आवृत्ती १९७६ मध्ये मलकापूरहून निघाली. कोलते त्याच भागातले, नरवेलचे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. पोथीतील गावे आजच्या नकाशावर लावण्याचे काम अजून चालू आहे. रिद्धपूरला अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाल्याने ते पुढे सरकेल अशी अपेक्षा आहे.

स्त्रियांचा वाटा : चक्रधरांची शिष्या महदाइसा हिच्या चौकस प्रश्नांमुळे अनेक तपशील टिकून राहिले. ('महदंबा' पाहा.)

प्रमुख यात्रा : रिद्धपूर; माहूर; फलटण (पंथ अवतार मानतो त्या चक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान; चैत्रात); डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर; जाळीचा देव.

इतरत्र : जपानमधील शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची प्रदक्षिणा करणारे यात्रिक प्रत्येक देवळात वहीवर शिक्का व हस्ताक्षर घेतात. स्पेनमधील सांतियागोला पायी जाणाऱ्यांजवळ अशीच शिक्क्यांची पुस्तिका असते. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर चालावे लागतात. या दोन्ही ठिकाणी नोंद यात्रिकाची होते आणि ती त्याच्याबरोबर घरी जाते. महानुभावांकडे शिक्का नाही, प्रमाणपत्र नाही. पोथीत नाव देवाच्या मुक्कामाचे. कोण कोण येऊन गेले त्यासाठी तिच्यात रकाना ठेवलेला नाही.