मार्जार, माती आणि मनुष्य

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांचेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या घरांत हा इतिहास वाचला जातो त्याच घराच्या कोपऱ्यांत, चुलीच्या उबेला अंगाचें वेटोळें करून निजलेल्या प्राण्यासही कांहीं इतिहास असेल, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कुत्र्याची स्वामिभक्ति, घोड्याचें शौर्य, गाईचें पावित्र्य यांवर आमच्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें. मांजराच्या वांट्याला मात्र म्हणी आल्या, आणि त्याही बहुतेक निंदेच्या. शिंकें तुटलें म्हणजे फावतें तें बोक्याचें. डोळे मिटून दूध पितें तें मांजर. महत्त्वाच्या कामास निघतांना आडवें जातें तेंही मांजरच. अशा या प्राण्याचा थोडासा इतिहास आज सांगण्याचें कारण असें कीं, वयानें वाढलेलें, दुसऱ्याच्या घरीं आयुष्य काढलेलें मांजर आपल्या घरीं आणलें तर तें रुळावें कसें, आणि त्यानें आपले देहधर्म नेमल्या जागीं करावे कसे, हा प्रश्न आतां पुष्कळ कुटुंबांपुढें येतो. आणि त्याचें उत्तर आमच्या मतें त्या इतिहासांतच आहे.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत, बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर, हिंगणी नांवाचें गांव आहे. भोंवतालचा मुलूख कापसाचा. अशा गांवांत मांजर मुद्दाम पाळावें लागत नाहीं, तें असतेंच. धान्याची कणगी आणि कपाशीचा ढीग जेथें आहे तेथें उंदीर आहे, आणि उंदीर आहे तेथें मांजर आहे. त्याच्या देहधर्माचा प्रश्नही तेथें कोणास पडत नाहीं. परसांतली भुसभुशीत माती आणि चुलीबाहेर टाकलेल्या राखेचा ढीग त्यास पुरेसा असतो. प्रश्न उद्भवतो तो घर मोडतें तेव्हां. वृद्ध घरधनीण वारली, मुलें नागपुरास किंवा वर्ध्यास जाऊन राहिलीं, घराला कुलूप लागलें, म्हणजे दहा वर्षांचें मांजर ओसरीवर एकटें उरतें. कोणी दयाळू नातेवाईक त्यास उचलून शहरांतील तिसऱ्या मजल्यावर नेतो. तेथें परस नाहीं, राख नाहीं, माती नाहीं. चार दिवसांत तें गादीवर किंवा कपाटामागें घाण करतें, आणि पांचव्या दिवशीं “म्हातारें मांजर कधीं सुधारत नाहीं” असा निवाडा होऊन त्याची रवानगी रस्त्यावर होते. हा निवाडा न्यायाचा आहे कीं नाहीं, हें पाहण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

बोरच्या रानांत रानमांजर राहतें; कोणास वाटेल कीं आपलें घरमांजर त्याचेंच वंशज असावें. तसें नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत रानटी व पाळीव मिळून ९७९ मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्यांत आली. तींत जगांतील सर्व घरमांजरें पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या बाजूच्या एका रुक्ष प्रदेशी जातीपासून उतरलेलीं आढळलीं. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याच्या शेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें, तें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. तें खरोखर पाळीव होतें कीं नुसतें माणसाळलेलें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु त्या बेटावर मूळचें मांजर नव्हतें. तेव्हां त्यास नावेंतून कोणी तरी नेलें, एवढें निश्चित. आपल्या बाजूस सिंधुसंस्कृतीचा पुरावा अधिक मौजेचा आहे. चन्हुदारो येथें १९३५–३६ सालीं मॅके यांनीं केलेल्या उत्खननांत एक वीट मिळाली. ती ओली असतांना तिच्यावरून मांजर धांवलें, आणि मागून कुत्रा धांवला, असें दोहोंच्या पावलांच्या ठशांवरून दिसतें. शर्यत कोणी जिंकली हें मात्र विटेनें सांगितलेलें नाहीं.

या साऱ्या पुराव्यावरून एक गोष्ट उघड होते. बैल, घोडा, कुत्रा यांस मनुष्यानें आपल्या कामास जुंपलें. मांजर मात्र धान्याच्या वासानें येणाऱ्या उंदरांमागून आपण होऊन आलें. त्याचा पहिला करार झाला तो धान्याच्या कोठाराशीं, घरधन्याशीं नव्हे. “मांजर घरास धरून असतें, माणसास नव्हे,” असें जें आपण ऐकतों त्याचें मूळ येथें आहे. आणि त्याचा मूळ पूर्वज रुक्ष, वालुकामय प्रदेशांतला असल्यामुळें, पायानें उकरतां येईल अशी सैल जमीन शोधून तींत मळ पुरणें ही त्याची उपजत संवय आहे; ती कोणीं शिकविलेली नाहीं.

आमच्या पूर्वजांच्या नजरेंतून हें सुटलें नव्हतें. ‘मार्जार’ हा शब्दच ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणें, पुसणें या धातूपासून आलेला मानतात. सतत स्वतःस स्वच्छ करणारा तो मार्जार. शास्त्रकारांनीं त्याच्याकडे दोन्ही अंगांनीं पाहिलें. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मांजर मारल्यास प्रायश्चित्त सांगितलें आहे, आणि चौथ्या अध्यायांत धर्माचें ढोंग करणाऱ्या लोभी मनुष्यास ‘बैडालव्रतिक’ हें नांव दिलें आहे. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पपटांत तर हात उंचावून तप करणारें मांजर आणि त्याच्या पायांशीं जमलेले उंदीर शिल्पकारानें कोरून ठेविले आहेत. उलट, दक्षिणेंतील वैष्णवांनीं ईश्वराच्या कृपेस उपमा दिली तीही मांजरीचीच. माकडाचें पोर आईस आपण घट्ट धरतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून नेते. हाच तो मार्जारकिशोरन्याय. ढोंग आणि वात्सल्य या दोन टोकांच्या मध्यें खरें मांजर कोठें तरी हरवून गेलें, असें आम्हांस वाटतें.

वऱ्हाडाच्या इतिहासांत मात्र त्याची एकदां मोठी आठवण झाली. १८९६ सालीं मुंबईस प्लेग सुरू झाला आणि पुढें तो देशभर पसरला. उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत हा रोग फैलावतो, असें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस १८९८ सालीं प्रयोगानें दाखविलें. तेव्हां पिंजरे, विष, घरें रिकामीं करणें असे उपाय सरकारनें केले. अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेले बुकॅनन यांनीं निराळाच विचार केला. त्यांनीं खेड्यांतील मांजरांची गणती करविली, आणि ज्या गांवांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें अनुमान काढून १९०८ सालीं तें इंग्लंडांतील वैद्यकीय पत्रांत मांडलें. प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनींही त्याच सुमारास मांजरें पाळण्याचा पक्ष उचलून धरला. आज आपल्याला ठाऊक आहे कीं मांजरास स्वतःसही प्लेग होतो, आणि क्वचित् त्याच्यापासून मनुष्यासही. त्यामुळें हा उपाय वाटला तितका निर्धोक नव्हता. तथापि आपल्याच प्रांतांतल्या खेड्यांत घरोघर मांजरें मोजण्याइतकें महत्त्व या प्राण्यास एकदां आलें होतें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

आतां मातीकडे वळूं. मांजर जें निसर्गतः करतें तें मनुष्यास शिकण्यास फार काळ लागला. इंग्लंडांत फॉर्डिंग्टन येथील हेन्री मूल नांवाच्या धर्मोपदेशकानें १८६० सालीं कोरड्या मातीच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें; कोरडी माती मळावर पडली म्हणजे दुर्गंधि नाहींशी होते आणि पुढें त्याचें खत होतें, हें त्यानें दाखविलें. हिंदुस्थानांतील तुरुंगांतही ही पद्धति आली. वर्धा जिल्ह्यास तर हा विषय अगदीं घरचा. १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळील शेगांवीं राहावयास आले. १९४० सालीं त्या गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथें ग्रामसफाईचा जो पाठ घालून देण्यांत आला त्याचें सूत्र एवढेंच, कीं मळावर माती टाका आणि त्याचें सोनखत करा. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत हेंच काम हयातभर केलें. जें समजावण्यासाठीं एवढ्या थोर पुरुषांस हातीं खराटा आणि फावडें घ्यावें लागलें, तें हिंगणीच्या परसांतलें मांजर रोज सकाळीं न सांगतां करीत आलें आहे.

शहरांतील मांजरास माती आणून देण्याची युक्ति त्यामानानें अलीकडची. पूर्वीं पेटीत वाळू, राख किंवा लाकडाचा भुसा घालीत. १९४७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत थंडीनें वाळू गोठली, तेव्हां एडवर्ड लो नांवाच्या तरुणानें शेजारणीस कारखान्यांत सांडलेलें तेल शोषून घेण्यासाठीं विकली जाणारी दाणेदार माती दिली. ती इतकी पसंत पडली कीं त्यानें पांच पौंडांच्या पिशव्या भरून पासष्ट सेंटांस विकण्यास आरंभ केला, आणि त्यांतून एक मोठा धंदा उभा राहिला. ही माती आपल्या मुलतानी मातीच्याच कुळांतली. ओलावा लागतांच गोळा होणारी बेंटोनाइट माती १९८० नंतर प्रचारांत आली. आपल्याकडे ती कच्छ व राजस्थान येथें खणून काढतात.

या इतिहासावरून मूळ प्रश्नाचें उत्तर आपोआप निघतें. वयस्क मांजर नव्या घरीं घाण करतें तें खोडीनें नव्हे. त्याची जमीन गेली, त्याच्या वासाच्या खुणा गेल्या, आणि लपण्याची जागाही गेली. खेड्यांत नकोसें मांजर गोणींत घालून नदीपलीकडे सोडतात आणि तें पुन्हां दारांत येऊन बसतें. या चिवटपणाचें आपण कौतुक करतों. तोच चिवटपणा नव्या घरांत त्याच्या दुःखाचें कारण होतो. म्हणून त्यास एकदम सारें घर मोकळें करून देऊं नये. पहिले कांहीं दिवस एकच लहान, शांत खोली द्यावी. तींत एखादें उपडें खोकें, आणि जुन्या घरचें न धुतलेलें फडकें किंवा गोणपाट ठेवावें. तो वास हाच त्याचा जुन्या आयुष्याशीं उरलेला धागा असतो. ओढून मांडीवर घेऊं नये; आपण जमिनीवर बसावें आणि तें येईल तेव्हां येऊं द्यावें.

मातीसाठीं एक रुंद, पसरट घमेलें घ्यावें. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, म्हणून त्याचा कांठ एका बाजूस ठेंगणा असावा. तें अन्नपाण्यापासून दूर, वर्दळीबाहेर, परंतु सहज पोंचतां येईल अशा ठिकाणीं ठेवावें. खेड्यांतून आलेल्या मांजरास बाजारांतील सुवासिक माती आरंभींच देऊं नये. त्याच्या परसांतलीच कोरडी माती पोतेंभर आणावी, आणि मग दोनतीन आठवड्यांत थोडी थोडी नवी माती तींत मिसळीत जावी. एकाहून अधिक मांजरें असल्यास मांजरांच्या संख्येहून एक घमेलें जास्त ठेवावें, असें पशुवैद्य सांगतात. मळ रोज काढावा. यांत स्वच्छतेबरोबर आरोग्यही आहे. मांजराच्या विष्ठेंतून पसरणाऱ्या एका रोगाचे जंतु बाधक होण्यास साधारण एक ते पांच दिवस लागतात; रोजच्या सफाईनें तो धोका बराच टळतो. गर्भवती स्त्रीनें हें काम दुसऱ्यावर सोंपवावें.

चूक झाल्यास त्याचें नाक मळांत घासण्याची जी रीत कित्येक घरांत आहे ती निर्दय आणि निष्फळ आहे. तीपासून मांजर एवढेंच शिकतें कीं या माणसासमोर देहधर्म करूं नये. मग तें पलंगाखालीं जातें. डागाळलेली जागा नीट धुऊन वास घालवावा, आणि रागवूं नये. तरीही कांहीं दिवसांत सुधारणा न दिसली, मूत्राचें प्रमाण वाढलें, किंवा विशेषतः बोका लघवीस वारंवार बसून कुंथूं लागला, तर तो हट्ट समजूं नये. वाढत्या वयांत मूत्रपिंडें दुर्बल होतात. आणि बोक्याचें मूत्र तुंबणें हें तर तातडीनें पशुवैद्याकडे नेण्याजोगें दुखणें आहे. दुधाविषयींही आपली समजूत चुकीची आहे: मोठ्या मांजरांपैकीं अनेकांस दूध पचत नाहीं, आणि ज्या हगवणीबद्दल आपण त्यास दोष देतों ती बहुधा आपल्या वाटीनेंच आलेली असते.

कोणी म्हणेल, घरासच धरून असणारें हें जनावर आपल्याला कधीं आपलें म्हणेल काय? २०१९ सालीं ऑरेगॉन राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारें दोनतृतीयांश मांजरें आपल्या माणसाच्या सान्निध्यांत निश्चिंत होत असल्याचें आढळलें. मूल जसें आईच्या परत येण्यानें शांत होतें, तसें. म्हणजे कोठाराशीं झालेला तो जुना करार पुढें माणसाशींही होऊं शकतो. त्यास वेळ मात्र लागतो. पिलूं सारेच उचलतात. दहा वर्षांच्या मांजराकडे कोणी वळून पाहत नाहीं. ज्यानें आपल्या पूर्वजांच्या कणग्या राखल्या, त्याच्या म्हातारपणीं आपल्या घरांतली एक खोली, एक घमेलें माती आणि महिन्याभराचा धीर खर्चीं पडला, तर तो व्यवहार आपल्याला महाग पडला असें आम्ही म्हणणार नाहीं.