अनुभवाचा धंदा, नवख्यांची भरती

व्यवस्थापन सल्ला, म्हणजे एखाद्या कंपनीचा कारभार कसा चालवावा हे बाहेरच्या माणसांनी शुल्क घेऊन तिच्या चालकांना सांगणे, हा व्यवसाय अमेरिकेत आकाराला आला तेव्हा वय आणि अनुभव हेच त्याचे भांडवल होते. शिकागोत १९१४ मध्ये एडविन बूझ यांनी आणि १९२६ मध्ये हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी स्थापन केलेल्या संस्थांत कारखाने, पेढ्या किंवा हिशेबतपासणीच्या कामात मुरलेली माणसे घेतली जात, कारण ज्याने कारखाना पाहिलेला नाही त्याचे कारखानदाराने का ऐकावे, हा प्रश्न त्या काळी सर्वांनाच रास्त वाटत होता.

हा संकेत मोडला तो मार्विन बोवर यांनी. हार्वर्डमध्ये कायदा आणि व्यवस्थापन या दोन्हींचे शिक्षण घेतलेले बोवर क्लीव्हलंडच्या एका वकिली पेढीत काम करून १९३३ मध्ये मॅकिन्झी कंपनीत आले, आणि सल्लागारांची संस्था वकिलांच्या पेढीसारखी चालावी, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला. न्यूयॉर्कमधील मोठ्या वकिली पेढ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी एक पद्धत रुळली होती. पॉल क्रॅव्हाथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत विधी महाविद्यालयांतील अव्वल विद्यार्थी थेट घ्यायचे, त्यांना आपल्याच शिस्तीत घडवायचे आणि काही वर्षांनी त्यांतील थोड्यांना भागीदार करून बाकीच्यांना निरोप द्यायचा, असा क्रम असे. कंपनीची सूत्रे हाती आल्यावर बोवर यांनी १९५३ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांची भरती सुरू केली.

या निर्णयाकडे केवळ गुणग्राहकता म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. ज्येष्ठ भागीदाराच्या नावावर काम मिळवून ते बव्हंशी कमी पगाराच्या तरुणांकडून करून घेतले, की दोहोंतील फरक भागीदारांच्या नफ्यात जमा होतो. शिवाय दुसरीकडे घडलेल्या पन्नाशीच्या माणसापेक्षा पंचविशीचा तरुण संस्थेच्या साच्यात सहज बसतो. बढती मिळाली नाही तर बाहेर पडायचे, या नियमामुळे रिकाम्या होणाऱ्या जागा भरण्यासाठी दरवर्षी नवे पीकही लागतेच. पुढे १९६३ मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ मध्ये बिल बेन यांनी बेन अँड कंपनी सुरू केली, तेव्हा त्याच वर्गांतील त्याच हुशार मुलांसाठी चढाओढ लागली.

अनुभव नसलेल्याची पारख कशी करायची, या प्रश्नाचे उत्तरही विद्यापीठातच तयार होते. प्रत्यक्ष घडलेला व्यावसायिक पेच वर्गात मांडून त्यावर चर्चा घडवण्याची हार्वर्डची अध्यापनपद्धती मुलाखतीच्या खोलीत आली आणि तिची ‘केस इंटरव्ह्यू’ झाली. यात उमेदवारापुढे नफा घटलेल्या कंपनीसारखे उदाहरण ठेवून तो त्याची फोड कशी करतो हे पाहिले जाते, किंवा मुंबईत रोज किती वडापाव खपत असतील, अशा प्रश्नाचा अंदाज मोठ्याने विचार करत बांधायला सांगितले जाते.

तरीही अनुभवाची अट पुरती सुटली नव्हती. आयआयटी दिल्लीचे अभियंता रजत गुप्ता यांना हार्वर्डची पदवी घेतल्यावर १९७३ मध्ये मॅकिन्झीने आधी नाकारले ते नोकरीचा अनुभव नाही म्हणून. प्राध्यापकाने रदबदली केल्यावर ते आत आले आणि १९९४ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख झाले. (भांडवलबाजारातील आतली माहिती फोडल्याबद्दल २०१२ मध्ये ते दोषी ठरले, ही त्या कारकिर्दीची दुसरी बाजू.)

भारतात या भरतीची जमीन धंदा येण्यापूर्वीच नांगरली गेली होती. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये हार्वर्डच्याच साहाय्याने उभी राहिली आणि तिने केसची पद्धत उचलली. मुंबईत जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. १९९१ च्या उदारीकरणानंतर बड्या परदेशी सल्लागार कंपन्यांनी मुंबई-दिल्लीत कार्यालये थाटली, तेव्हा त्यांना हवा तसा उमेदवार येथे आयताच मिळाला. पुढे पवईच्या आयआयटीतही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुले डिसेंबरच्या प्लेसमेंटसाठी वसतिगृहात जोडी-जोडीने केस सोडवण्याचा सराव करू लागली, आणि विचारशक्ती जोखण्यासाठी योजलेली ही परीक्षा इतर प्रवेशपरीक्षांप्रमाणेच घोटून तयारी करण्याचा विषय बनली.