शांतता, संघर्ष आणि अन्याय : विद्यार्थ्यांनीच चालवायच्या कार्यशाळा

२१ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय शांतता दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ साली तो जाहीर केला आणि २००१ साली ही तारीख कायम केली. अनेक शाळांत त्या दिवशी पांढऱ्या कबुतराचं चित्र काढतात, एक भाषण होतं आणि मुलं घरी जातात. पण भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात "तुम्ही कुणाकडून?" असं ज्याला विचारलं जातं, त्या मुलाला या भाषणातून काय मिळतं? अम्मीला काळजी वाटेल म्हणून तो घरीही काही बोलत नाही. अशा मुलांना बोलायला जागा देणारी एक पद्धत म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेली कार्यशाळा. आपल्या शाळांत, मदरशांत आणि मोहल्ल्यांत ती कशी घेता येईल, याची माहिती इथे देत आहोत.

कार्यशाळा म्हणजे काय?

भाषणात एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. कार्यशाळेत वीस-पंचवीस मुलं-मुली गोल बसतात, खेळ खेळतात, प्रसंग करून दाखवतात आणि मग त्यावर चर्चा करतात. सूत्रं आठवी ते अकरावीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या हातात असतात. शिक्षक कोपऱ्यात बसतात आणि गरज पडली तरच बोलतात. आम्ही शिक्षक रोज पाहतो, की सरांसमोर किंवा अब्बांसमोर जी गोष्ट तोंडातून निघत नाही, ती मुलं बरोबरीच्या मुलांसमोर सहज सांगतात.

हिंसेचे तीन प्रकार

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग (१९३०-२०२४) यांनी १९५९ साली ओस्लो इथे शांतता-संशोधनाची संस्था सुरू केली. त्यांनी केलेली हिंसेची विभागणी मुलांना लगेच समजते.

१. प्रत्यक्ष हिंसा : मारामारी, शिवीगाळ, दगडफेक. ही डोळ्यांना दिसते.

२. संरचनात्मक हिंसा : इथे हात कुणीच उचलत नाही, पण नुकसान होतं. नाव ऐकून घर भाड्याने न मिळणं, वस्तीजवळ हायस्कूल नाही म्हणून सातवीनंतर मुलीची शाळा सुटणं.

३. सांस्कृतिक हिंसा : वरच्या दोन्ही गोष्टी योग्य वाटायला लावणारे विनोद, टोपणनावं आणि "ते लोक असेच" ही भाषा.

भांडण थांबलं म्हणजे अर्धी शांतता आली, अन्याय दूर झाला तर पूर्ण शांतता आली, हा गाल्टुंग यांच्या मांडणीचा सार. कार्यशाळेत हा फरक सुटला, तर आपण मुलांना फक्त गप्प बसायला शिकवतो.

दीनमध्ये याचा आधार

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. नुबुव्वतीच्या आधी, सुमारे विसाव्या वर्षी, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) मक्केत 'हिल्फुल फुजूल' या करारात सामील झाले. एका येमेनी व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका वजनदार माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा काही लोक अब्दुल्लाह इब्ने जुदआन यांच्या घरी जमले आणि मजलूम कुणीही असो, त्याला हक्क मिळवून देऊ, असं त्यांनी ठरवलं. इस्लाममध्येही अशा करारासाठी कुणी बोलावलं तर आपण जाऊ, असं आपण (सल्ल.) पुढे सांगितलं.

दिव्य कुरआन न्यायावर ठाम राहायला सांगतो, मग तो स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात का जाईना (४:१३५). एखाद्या समूहाशी वैर असलं तरी त्याच्याशी अन्याय करू नका, हीही ताकीद आहे (५:८). म्हणून कार्यशाळेत फक्त आपल्यावरच्या अन्यायाची यादी करून भागत नाही. आपल्या घरात भावाला ट्यूशन आणि बहिणीला भांडी का? सोयरीक जुळवताना बिरादरी का पाहिली जाते? कामवाल्या बाईंचा कप वेगळा का? हेही प्रश्न मुलांनी विचारलेच पाहिजेत.

दोन तासांचा आराखडा

• नियम (१० मिनिटं) : नियम मुलंच ठरवतात. एका वेळी एकानेच बोलायचं, कुणाची थट्टा नाही, इथलं बोलणं बाहेर नाही, मोबाईल बंद.

• कानगोष्ट (२० मिनिटं) : एक वाक्य कानोकान फिरवायचं. शेवटी त्याचं काय झालं ते ऐकून सगळे हसतात. मग व्हॉट्सॲपवरच्या अफवांकडे वळायचं. बातमी आली की आधी पडताळून पाहा, ही कुरआनची आज्ञा (४९:६) इथे न सांगता समजते.

• पाऊल पुढे (३० मिनिटं) : प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची : डॉक्टरांचा मुलगा, यंत्रमाग कामगाराची मुलगी, ऊसतोड मजुराचा मुलगा, व्हीलचेअरवरचा विद्यार्थी. "मला अभ्यासाला स्वतंत्र जागा आहे", "मी पोलिसांकडे न घाबरता जाऊ शकतो" अशी वाक्यं वाचायची. ज्याला लागू पडतं तो पाऊल पुढे टाकतो. शेवटी कोण कुठे उभा आहे, ते सगळ्यांना दिसतं.

• फोरम थिएटर (४० मिनिटं) : ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची ही पद्धत. अन्यायाचा एक छोटा प्रसंग करायचा. दुसऱ्यांदा करताना प्रेक्षकांतला कुणीही "थांबा" म्हणून पीडिताची जागा घेतो आणि वेगळा मार्ग करून दाखवतो. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा, या अर्थाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. तो हात कसा धरायचा, याचा सराव इथे होतो.

• एक काम (२० मिनिटं) : पुढच्या महिन्यात करायचं एकच छोटं काम ठरवायचं. शाळा सुटलेल्या एका मुलीच्या घरी जाऊन बोलणं, शेजारच्या शाळेतल्या मुलांसोबत क्रिकेटचा सामना, असं काहीही.

ओळख आधी हवी

भिवंडीने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी नियमित भेटू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला रक्तरंजित संघर्ष १९६० च्या दशकाच्या अखेरीस भडकला. त्याआधीच, १९६५ साली, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पाद्री रे डेव्ही आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'कॉरीमीला' हे केंद्र सुरू केलं होतं. दोन्ही समाजांचे तरुण तिथे एकत्र येत राहिले. शांतता करार १९९८ मध्ये झाला, केंद्र आजही चालू आहे.

दोन्ही ठिकाणचा धडा एकच : आग लागल्यावर विहीर खोदून चालत नाही. म्हणून कार्यशाळेत इतर समाजांची मुलंही असावीत. जवळच्या मराठी शाळेला बोलावा, चर्चा मराठीत आणि दखनी-उर्दूत होऊ द्या.

काय काळजी घ्यावी?

• मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या.

• कोणत्याही राजकीय पक्षाचा प्रचार नको, आणि कोणत्याही धर्माची निंदा नको.

• स्वतःचा अनुभव सांगायची सक्ती कुणावर करू नका.

• एखाद्या मुलाने मारहाण किंवा लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर तिथे "बाहेर नाही" हा नियम लागू होत नाही. विद्यार्थ्यांनी लगेच शिक्षकांना सांगावं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ ही आहे. लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. हे मुलांना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

• सूत्रसंचालन करणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्यात.

खर्च जवळपास शून्य. एक खोली, काही चिठ्ठ्या, पाण्याचे ग्लास, बस्स. पालकांकडून एकच अपेक्षा : त्या संध्याकाळी मूल घरी येऊन "अब्बा, आपल्या घरात हे असं का?" असं विचारेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. बसून ऐका. अल्लाह आपल्या मुलांना इन्साफवर उभं राहण्याची तौफीक देवो. आमीन.