टक्केवारीची शाब्दिक उदाहरणे कशी सोडवावीत? आधी विचारा, ‘कशाचे टक्के?’

एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली आणि नंतर २० टक्क्यांनी कमी केली. किमतीत एकूण किती बदल झाला? घाईत वाचणारा ‘काहीच नाही’ असे उत्तर देतो. बरोबर उत्तर आहे ४ टक्के घट. १०० रुपयांची वस्तू आधी १२० रुपयांची होते. मग १२० चे २० टक्के, म्हणजे २४ रुपये उतरतात आणि उरतात ९६.

पोलीस भरती, तलाठी भरती, बँकांच्या परीक्षा, एमपीएससी अशा जवळपास सर्वच स्पर्धा परीक्षांत टक्केवारीची शाब्दिक उदाहरणे असतात. त्यांतले गणित सहसा सातवी-आठवीच्या पलीकडचे नसते. तरीही हमखास येणारे गुण जातात, कारण चूक आकडेमोडीत नसते, वाचण्यात असते.

टक्के नेहमी ‘कशाचे तरी’ असतात

टक्का म्हणजे दर शंभरामागे. कर्जाच्या हिशेबात आपण ‘द.सा.द.शे.’ वाचतो, त्याचा अर्थ ‘दर साल दर शेकडे’ म्हणजे दर वर्षी, दर शंभर रुपयांमागे. हे शंभर कोणत्या रकमेला मानले, त्यावर सगळे उदाहरण उभे असते. त्या रकमेला आपण ‘पाया’ म्हणू.

वरच्या उदाहरणात वाढीचा पाया १०० होता, घटीचा पाया १२० झाला. टक्के तेच, पण पाया बदलला, म्हणून रक्कम बदलली. उदाहरणात ‘टक्के’ हा शब्द आला की लगेच ‘कशाचे?’ असे विचारा आणि त्या पायाखाली रेघ ओढा. नफा-तोट्याचा पाया, वेगळे सांगितले नसेल तर, खरेदी किंमत असते. सुटीचा पाया छापील किंमत असते. वाढ किंवा घट नेहमी आधीच्या रकमेवर मोजतात.

उलटे उदाहरण: नंतरची रक्कम दिली असेल तर

२५ टक्के सूट मिळून साडी १,५०० रुपयांना पडली. छापील किंमत किती?

अनेक जण १,५०० चे २५ टक्के काढून त्यातच मिळवतात आणि १,८७५ लिहितात. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, त्यामुळे १,८७५ हा पर्याय बहुधा दिलेला असतो. सूट छापील किमतीवर आहे, म्हणून छापील किंमत १०० भाग धरा. सूट जाऊन ७५ भाग उरले, ते १,५०० रुपये. म्हणजे १ भाग २० रुपयांचा आणि १०० भाग २,००० रुपयांचे. पडताळा घ्या: २,००० चे २५ टक्के ५००, उरले १,५००. जुळले.

टक्क्यांतला फरक आणि दिलेली संख्या

एका विद्यार्थ्याला ३० टक्के गुण मिळाले आणि तो १५ गुणांनी नापास झाला. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. परीक्षा किती गुणांची होती?

दोन्ही टक्क्यांचा पाया एकच आहे, एकूण गुण. म्हणून ते थेट वजा करता येतात. ५ टक्के म्हणजे १५ गुण, तर १०० टक्के म्हणजे ३०० गुण. इथे ‘क्ष’ मानून समीकरण मांडण्याची गरजच नाही.

पाये वेगळे असतील, तर मात्र असे वजा करून चालत नाही. हे निवडणुकीचे उदाहरण पाहा. दोन उमेदवार होते. एकूण मतांपैकी १० टक्के मते बाद झाली. विजयी उमेदवाराला वैध मतांच्या ५५ टक्के मते मिळाली आणि तो ९०० मतांनी निवडून आला. एकूण मते किती?

पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या ४५ टक्के मिळाली. फरक १० टक्के, म्हणजे ९०० मते. वैध मते झाली ९,०००. पुष्कळ जण इथेच थांबतात. पण ९,००० हे एकूण मतांच्या ९० टक्के आहेत, म्हणून एकूण मते १०,०००.

अपूर्णांक पाठ असतील तर वेळ वाचतो

- २० टक्के = १/५, २५ टक्के = १/४
- साडेबारा टक्के = १/८, साडेसदतीस टक्के = ३/८
- १६ २/३ टक्के = १/६, ३३ १/३ टक्के = १/३

साखर २५ टक्क्यांनी महागली. खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? भाव १/४ ने वाढला, तर वापर १/५ ने, म्हणजे २० टक्क्यांनी कमी करावा लागतो. ४ भागांचे ५ भाग झाले आणि ५ वरून पुन्हा ४ वर यायचे तर पाचातला एक भाग काढावा लागतो. याच कारणाने १/५ वाढीला १/६ घट लागते.

जे बदलत नाही ते धरा

१०० किलो द्राक्षांत ८० टक्के पाणी आहे. ती वाळवून केलेल्या बेदाण्यात २० टक्के पाणी उरले. बेदाणा किती किलो झाला?

८० मधून २० वजा करून ‘६० किलो पाणी गेले, ४० किलो बेदाणा उरला’ असे म्हणणे चूक आहे. पहिल्या टक्केवारीचा पाया द्राक्षांचे वजन आहे, दुसरीचा बेदाण्याचे. वाळवताना पाणी उडते, गर तेवढाच राहतो. द्राक्षांत गर २० किलो होता. बेदाण्यात तोच २० किलो ८० टक्के झाला. म्हणून बेदाणा २५ किलो.

‘टक्क्यांनी’ आणि टक्क्यांतला फरक

मतदान ६० टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले, तर मतदानाच्या टक्केवारीत किती टक्के वाढ झाली? दोन आकड्यांतला फरक ६ आहे, पण ही वाढ ६० वर झाली. ६० वर ६, म्हणजे १० टक्के. प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते पाहूनच ६ किंवा १० निवडा. बातम्या वाचतानाही हा फरक उपयोगी पडतो.

परीक्षेत क्रम कसा ठेवावा

१. शेवटचे वाक्य आधी वाचा: काय काढायचे आहे?
२. प्रत्येक टक्क्याचा पाया ओळखा.
३. पाया माहीत नसेल तर तो १०० धरा.
४. पाये वेगळे असतील तर टक्के थेट मिळवू किंवा वजा करू नका.
५. उत्तर उदाहरणात परत घालून पाहा. जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तिथे ही काही सेकंदे वाया जात नाहीत.

सरावासाठी

(अ) दुकानात आधी ३० टक्के आणि मग उरलेल्या किमतीवर २० टक्के सूट आहे. एकूण सूट किती टक्के?

(आ) पगाराच्या १० टक्के घरभाड्याला आणि उरलेल्या रकमेच्या २० टक्के शिक्षणाला गेले. ३६,००० रुपये शिल्लक राहिले. पगार किती?

उत्तरे: (अ) ४४ टक्के, (आ) ५०,००० रुपये. पहिल्याचे उत्तर ५० टक्के किंवा दुसऱ्याचे ५१,००० च्या वर आले असेल, तर ‘उरलेल्या’ हा शब्द पुन्हा एकदा वाचा.